चौकोनातला पाऊस

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. विधानसभेत सांगण्यात आलं, की १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला, आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीवर भरपूर चर्चा झाली, ४९९ या आकड्यावर मात्र फारशी झाली नाही. ‘परिसर’ म्हणजे कुठला? वाडीवर गाडीरस्ता नव्हता, खालून पायवाटेनं चढावं लागायचं. पाऊस मोजला जातो तो खाली, रस्त्याच्या कडेच्या गावांत. दरड कोसळते वर.

कर्जत-खालापूरकडे पाहून कुणाला वाटणार नाही, की इथं पावसाच्या नोंदींचा तुटवडा असेल. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, कर्जतला साडेतीन हजारांच्या आसपास. माथेरानचं पर्जन्यमापक जुनं आहे. कर्जतला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, तिथंही पाऊस मोजतात. तहसील कचेरीत मोजतात. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, त्यात नेरळ, कडाव, कशेळे, कळंब अशा मंडळांचीही सोय झाली. पण या साऱ्या केंद्रांची उंची मांडून पाहा. बहुतेक केंद्रं शंभर मीटरच्या आतबाहेर आहेत आणि एक माथेरान आठशे मीटरवर. मधली सातशे मीटरची उतरण, जिच्यावर ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्या वसल्या आहेत, ती जवळजवळ कोरीच आहे. उल्हास, पेज, पोशीर, शिलार या नद्यांना पाणी मिळतं ते नेमकं तिथून.

अभ्यासक मग तयार आकड्यांकडे वळतो. भारतीय हवामान विभागानं देशभरातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून पाव अंशाच्या चौकोनांची जाळी बांधली आहे. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस तीत मिळतो. काम मोठं आहे, आणि देशाचा नकाशा काढायला याहून चांगलं साधन नाही. पण पाव अंश म्हणजे इथं साधारण सत्तावीस किलोमीटरची बाजू. १९ अंश उत्तर आणि ७३.२५ अंश पूर्व हा मध्यबिंदू धरून चौकोन आखला, की त्यात कर्जत येतं, नेरळ येतं, माथेरान येतं आणि इर्शाळगडही येतो. चौघांना मिळून दिवसाला पावसाचा एकच आकडा. कर्जत आणि माथेरान सरळ रेषेत जेमतेम दहा किलोमीटरवर, दोघांच्या वार्षिक पावसात दीड हजार मिलिमीटरचा फरक. चौकोनाला त्याचा पत्ता नाही. पुणे शहराला दोन वर्षांत जेवढा पाऊस मिळतो, तेवढा हा फरक आहे!

उपग्रहानं तरी सुटका होईल, असं वाटतं. १९८१ पासूनची ‘चर्प्स’ माहिती पाच किलोमीटरच्या चौकोनांत मिळते, ‘आयमर्ग’ दर अर्ध्या तासाची मिळते, आणि दोन्ही फुकट. मात्र उपग्रहातून पाऊस मोजण्याच्या बऱ्याच पद्धती ढगाच्या माथ्याच्या तापमानावर भिस्त ठेवतात. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि पाऊस जास्त. सह्याद्रीत आषाढातला ढग या नियमाला दाद देत नाही. समुद्रावरून आलेली ओली हवा कड्याला आपटून वर चढते आणि ढग फार उंच न जाताही धो धो ओततो. अवकाशातून असा ढग किरकोळ दिसतो. म्हणून घाटातला पाऊस उपग्रह अनेकदा कमी दाखवतो. त्यात आणखी एक बारकावा. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात; उपग्रहाच्या तयार दैनिक बेरजा ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून सुरू होतात. रात्रभर कोसळून सकाळी सातला ओसरलेला पाऊस मग दोन वह्यांत दोन तारखांना जाऊन बसतो, आणि नवखा संशोधक ‘उपग्रहाचं जुळत नाही’ असं लिहून मोकळा होतो. अर्ध्या तासाच्या नोंदी घेऊन साडेआठच्या हिशेबानं पुन्हा बेरीज केली, तर निम्मं भांडण मिटतं.

जमिनीवरची नोंद तरी निर्मळ असते का? साधं पर्जन्यमापक पाहा. वर नरसाळं, आत बाटली, शेजारी मोजपात्र. नरसाळ्याचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरचं आणि बाटली चार लिटरची असेल, तर दोनशे मिलिमीटरला ती काठोकाठ भरते. पुढचा पाऊस ओसंडून जातो. कर्जतमध्ये दिवसाला दोनशे मिलिमीटर हे काही नवल नाही. रात्री उठून मधेच बाटली रिकामी करणारा माणूस नसेल, तर वहीत गोल दोनशे किंवा त्याच्या आगेमागे आकडा चढतो. जुन्या नोंदींत असे गोल आकडे ओळीनं दिसले, की मी आधी बाटलीबद्दल विचारतो. स्वयंचलित केंद्रात बाटली नसते. तिथं चिमुकली डोलणारी पात्रं भरतात, उलटतात आणि मोजली जातात. पण मुसळधारेत तीही मागे पडतात.

आणि नोंदीतली भोकं सारख्या दिवसांवर पडत नाहीत. वीज जाते, पूल पाण्याखाली जातो, नोंद घेणारा पोचत नाही, ते नेमकं मोठ्या पावसाच्या दिवशी. कोरा राहिलेला दिवस शेजारच्या केंद्रांची सरासरी काढून भरायची पद्धत आहे. २६ जुलै २००५ आठवा. मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. दोहोंची सरासरी येते पाचशेच्या वर, आणि तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलाच नव्हता. महिन्याची बेरीज अशी भरली तर चालेल. पुराचा किंवा दरडीचा दिवस असा भरणं म्हणजे पुरावा बनवणं.

जुन्या कागदांची वेगळीच गंमत. १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये कर्जत शोधायचं तर ठाणे जिल्ह्याचा खंड उघडावा लागतो. पुढे तालुका कुलाबा जिल्ह्यात गेला आणि त्या जिल्ह्याचा १९८१ मध्ये रायगड झाला. जुन्या नोंदी इंचांत, नंतरच्या मिलिमीटरमध्ये. मापक कचेरीच्या आवारात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं की नाही, हे कुणी लिहून ठेवत नाही. त्यावर एक जुना, भरवशाचा उपाय आहे. एका केंद्राचा पाऊस वर्षानुवर्षं साठवत जायचा आणि शेजारच्या केंद्रांच्या साठत्या सरासरीसमोर मांडायचा. रेघ सरळ गेली तर ठीक. एखाद्या वर्षापासून ती वाकली, तर हवामान बदललं असं म्हणण्याआधी जागा बदलली का, शेजारचा आंबा वाढून मापकावर आला का, ते पाहायचं.

पाऊस कळला नाही तर नदीवरून उलटा हिशेब करता येतो, असं पुस्तकात असतं. इथं तोही घोटाळा आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. लोणावळा, वळवण, ठोकरवाडी या धरणांत अडवलेलं, एरवी पूर्वेला भीमेकडे गेलं असतं ते पाणी घाटाखाली सोडलं जातं. खोपोलीचं पाताळगंगेत, भिवपुरीचं पेजेत आणि पुढे उल्हासात. पेज उन्हाळ्यात वाहते ती त्यामुळे, आणि राजनाल्याच्या कालव्यावरची उन्हाळी भातशेती तिच्यावर उभी आहे. थोडक्यात, उल्हासातलं सगळं पाणी तिच्या खोऱ्यातल्या पावसाचं नाही. वीजघरांच्या रोजच्या विसर्गाचे आकडे वजा न करता बदलापूरच्या प्रवाहावरून कर्जतचा पाऊस काढणारा अभ्यास मी तरी बाजूला ठेवतो. उलट त्या धरणांवरच्या पावसाच्या नोंदी, घाटमाथ्याच्या आणि दीर्घ पल्ल्याच्या, हे इथल्या अभ्यासाचं खरं भांडवल आहे. त्या संगणकावर खुल्या मिळाल्या तर दहा उपग्रहांइतकं काम होईल.

‘पाऊस वाढला का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. हा निष्कर्ष गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्याचा आहे. तो उचलून कशेळ्याच्या डोंगरावर ठेवता येत नाही, आणि नाकारायलाही इथं पुरेशा नोंदी नाहीत.

तरी निर्णय थांबत नाहीत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा नुकसानभरपाईचा निकष. मराठवाड्यात ६५ म्हणजे हाहाकार. कर्जतला जुलैत तो लावणीचा चांगला दिवस असतो. उलट मंडळाच्या गावी साठ पडला आणि वरच्या वाडीत दीडशे, तर वाडीतल्या वाहून गेलेल्या बांधाला आकड्याचा आधार उरत नाही. २०२५ मध्ये पोशीर आणि शिलार या कर्जत तालुक्यातल्या दोन धरणांना राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. सांडव्यातून किती पूर जाऊ द्यायचा हे ठरवताना खोऱ्याच्या वरच्या अंगाचा पाऊस लागेल, आणि जाळीच्या चौकोनातून आलेला पाऊस तिथं कमीच भरण्याचा धोका आहे.

माझ्या मते आणखी एखादी उपग्रह-माहिती जोडण्यापेक्षा दोनशे, चारशे आणि सहाशे मीटरवर, एकाच उतरणीवर, तीन साधी मापकं जास्त उपयोगी पडतील. दोनशे चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला दहा लिटरची बाटली लावली, की पाचशे मिलिमीटरपर्यंत काळजी नाही. जागा आश्रमशाळेच्या आवारात, वाचन सकाळी साडेआठला आणि जोर असेल तर संध्याकाळीही, वाडीतल्याच माणसाकडून, महिन्याच्या महिन्याला रोख मानधन देऊन. पाच पावसाळे झाले, की उंचीबरोबर पाऊस किती वाढतो याचं इथलं स्वतःचं गुणोत्तर हाती येईल आणि १९०१ पासूनचा तो चौकोन मागे जाऊन दुरुस्त करता येईल.