नकाशाची बिल्टी आणि नकाशाचा माल

गतवर्षी जैनथ येथे आमच्या पेढीने धान्यासाठी नवे गुदाम बांधावयास घेतले. त्या कामात संगणकावरील नकाशांनी आम्हांस जो अनुभव दिला, तो सभासदांपुढे मांडावा, असे चिटणीसांनी सुचविले. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्य पोत्यांच्या थप्प्यांत गेलेले. त्याने आरेखनावर लिहावे हे धारिष्ट्यच होय. परंतु आजकाल गुदाम असो, दालमिल असो की राहते घर असो, नकाशा कागदाऐवजी फाइलीच्या रूपाने येतो. आणि ती फाइल अर्धवट उघडली, तर त्याचा खर्च शेवटी आपल्याच नावे पडतो. म्हणून या विषयाची तोंडओळख आपणांस असावी.

आमच्या तरुणपणी नकाशे पारदर्शक कागदावर काढीत. जागेची मोजणी एका कागदावर, इमारत दुसऱ्यावर. एकावर एक ठेवले की इमारत जागेत कोठे बसते ते दिसे. संगणकावरही हीच युक्ती चालते. ऑटोकॅड ही आरेखनाची प्रणाली ऑटोडेस्क कंपनीने १९८२ साली बाजारात आणली, आणि एका नकाशात दुसरा नकाशा बाहेरून जोडण्याची सोय तिच्या अकराव्या आवृत्तीत, १९९० साली, आली. तीस ‘एक्सटर्नल रेफरन्स’ किंवा थोडक्यात ‘एक्सरेफ’ म्हणतात. येथे आपण त्यास जोडनकाशा म्हणू. सोय मोठी आहे. मोजणी एकदाच काढावयाची व दहा नकाशांना जोडावयाची. मोजणीत दुरुस्ती झाली की दहाही नकाशे पुढच्या वेळी उघडताना आपोआप सुधारतात.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. जोडलेला नकाशा मुख्य नकाशाच्या पोटात नसतो. पोटात असतो तो केवळ त्याचा पत्ता : अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव. रेल्वेने माल मागविला असता आपल्या हाती बिल्टी येते आणि माल मालधक्क्यावर पडलेला असतो, तसाच हा प्रकार आहे. बिल्टी कितीही खरी असली, तरी माल दुसऱ्या धक्क्यावर हलविला गेला असेल, तर हमालाने रिकाम्या हातांनीच परतावयाचे.

आमच्या गुदामाचे असे झाले. आमची जागा काळ्या जमिनीची, एका अंगास नाला. पहिल्या आराखड्यात गुदाम नाल्याकडे सरकलेले होते. पावसाळ्यात त्या बाभळीपर्यंत पाणी चढते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. धान्याच्या गुदामाच्या जोत्याला ओल लागली की खालची थर गेलीच म्हणून समजावे. तेव्हा मी आराखडा बदलावयास लावला व गुदाम रस्त्याच्या बाजूस नऊ मीटर सरकविले. नागपूरच्या ज्या कार्यालयाकडे नकाशांचे काम होते, त्याने सुधारित नकाशा ‘झिप’ करून, म्हणजे एका गाठोड्यात बांधून, आमच्या ठेकेदाराकडे पाठविला. त्यात आखणीचा मुख्य नकाशा आणि त्यास जोडलेले दोन नकाशे होते : एक मोजणीचा, दुसरा गुदामाचा.

ठेकेदाराच्या मुलाने गाठोडे न सोडता आतूनच मुख्य नकाशा उघडला. असे केले असता संगणक तेवढी एकच फाइल बाहेर काढून एका तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो. तिचे सोबती मागेच राहतात. पडद्यावर चौकट आणि शीर्षक आले, पण मोजणीही नाही, गुदामही नाही. त्यांच्या जागी नागपूरच्या संगणकावरील पत्त्याची एक ओळ आणि यादीत ‘नॉट फाउंड’ असा शेरा. ही चूक ओरडून सांगणारी होती, आणि तशा चुकीचे भय नसते.

मुलाने तक्रार केली. कार्यालयाने तिन्ही फाइली ई-मेलने सुट्या पाठविल्या. त्याने त्या आमच्या कामाच्या जुन्या फोल्डरात उतरविल्या, नकाशा पुन्हा उघडला, आणि सर्व काही दिसू लागले. शीर्षकात ‘सुधारित’ असे ठळक लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी फक्की पडली व खणावयास यंत्र लागले.

सकाळी मी जागेवर गेलो, तो फक्कीची रेघ बाभळीच्या बुंध्याशी! तीन खड्डे खणून झाले होते. काम तेथेच थांबविले. माझी धाकटी सून स्थापत्याची पदविकाधारक आहे. तिला नकाशा दाखविला. तिने जोडनकाशांची यादी उघडली आणि म्हणाली, “बाबा, बिल्टी नवी आहे, पण माल जुना उतरला आहे.”

खुलासा असा. प्रणाली जोडनकाशा प्रथम लिहिलेल्या पत्त्यावर शोधते. तेथे न मिळाल्यास ती थांबत नाही. मुख्य नकाशा ज्या फोल्डरात आहे तेथे त्याच नावाची फाइल आहे काय ते पाहते, व त्यानंतर ठरवून दिलेली आणखी काही ठिकाणे धुंडाळते. आमच्या जुन्या फोल्डरात पहिल्या आराखड्याची गुदामाची फाइल त्याच नावाने पडून होती. नवी फाइल उतरविताना नाव आधीच घेतलेले असल्यामुळे संगणकाने नव्या फाइलीच्या नावापुढे कंसात १ हा आकडा जोडला. प्रणालीला हवे ते नाव जुन्या फाइलीचेच होते! तिने ती मुकाट्याने उचलली. अंतरांचे आकडेही त्याच फाइलीत असल्यामुळे नकाशात विसंगती म्हणून कोठे दिसलीच नाही. मोजणीचीही जुनीच फाइल उचलली गेली होती, पण मोजणी बदललेली नव्हती म्हणून तेथे निभावले.

हे ओळखण्याचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे, आणि या लेखाचा हाच भाग ज्यांना बांधकाम करावयाचे आहे त्यांनी ठेकेदारास वाचून दाखवावा. ‘एक्सटर्नल रेफरन्सेस’ या यादीत प्रत्येक जोडनकाशापुढे दोन पत्ते मिळतात : ‘सेव्ह्ड पाथ’ म्हणजे बिल्टीवरचा पत्ता, आणि ‘फाउंड अ‍ॅट’ म्हणजे माल प्रत्यक्ष जेथून उचलला ते ठिकाण. दोहोंत फरक दिसला, की शेजारी फाइलीची तारीख पाहावी. केवळ ‘लोडेड’ एवढा शेरा पाहून समाधान मानू नये. आमच्याही नकाशापुढे ‘लोडेड’च होते.

पाठविणाऱ्याने घ्यावयाची काळजी निराळी. पूर्ण पत्त्याऐवजी सापेक्ष पत्ता, म्हणजे मुख्य नकाशापासून मोजलेला, ठेवला तर सगळे फोल्डर एकत्र हलविले तरी पत्ता चुकत नाही. २०१८ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड आपण होऊनच तसा पत्ता धरते. मात्र जोडनकाशा निराळ्या ड्राइव्हवर असल्यास सापेक्ष पत्ता चालत नाही. आणि आमच्या प्रकरणी तोही उपयोगी पडला नसता, कारण फोल्डरात जुना माल नव्या नावाने बसलेला होता! त्यावर औषध एकच : प्रत्येक वेळी आलेला संच नव्या, रिकाम्या, तारीख घातलेल्या फोल्डरात सोडावा. ‘ई-ट्रान्समिट’ या आज्ञेने मुख्य नकाशा, जोडनकाशे आणि लागणारे टंक अशा सर्वांचा एक संच बांधला जातो. आता आम्ही तसाच संच मागतो. बांधकामावर द्यावयाच्या अंतिम प्रतीत ‘बाइंड’ करून जोडनकाशे कायमचे आत घेता येतात. मग पत्त्याचा प्रश्नच उरत नाही, परंतु पुढील दुरुस्त्याही त्यात आपोआप येत नाहीत. म्हणून मूळ फाइल कार्यालयात निराळी राहू द्यावी.

आणखी दोन अडचणी सुनेने सांगितल्या, त्या थोडक्यात देतो. फाइल दुसऱ्या कोणी उघडली आहे असा निरोप कधी कधी खोटा असतो : वीज जाऊन संगणक बंद पडला, की कुलूप म्हणून तयार झालेली डीडब्ल्यूएल नावाची छोटी फाइल तशीच मागे राहते. खरोखर कोणी काम करीत नाही याची खात्री करून ती काढून टाकावी. दुसरे, जोडनकाशाला जोडलेला तिसरा नकाशा दिसला नाही, तर दर वेळी तो हरवलेलाच असतो असे नाही. तो ‘ओव्हरले’ पद्धतीने जोडलेला असल्यास पुढच्या नकाशात येतच नाही. तेथे ‘अटॅच’ करून मागावे.

आम्ही ते तीन खड्डे मुरूम दाबून बुजविले, यंत्राचे व मजुरीचे पैसे ठेकेदाराने व आम्ही निम्मेनिम्मे सोसले, आणि चार दिवसांनी रस्त्याच्या बाजूस नव्याने फक्की पडली. या खेपेस यंत्र चालू होण्यापूर्वी सूनबाईने संगणकावर दोन्ही पत्ते ताडले, आणि मी बाभळीपासून फीत धरली.