एका कुटुंबाच्या पाच जिभा आणि लोणारमधील जेवण

लोणारचे विवर पाहण्यासाठी जालना, मेहकर किंवा शेगावच्या वाटेने येणाऱ्या कुटुंबात पुष्कळदा तीन पिढ्या एकत्र असतात, आणि तीन पिढ्यांचे एका ताटावर क्वचितच एकमत होते. आजीला कांदा-लसूण चालत नाही, आजोबांना डॉक्टरांनी तिखट-तेलकट वर्ज्य केलेले असते, घरातील कर्त्या माणसाला वऱ्हाडात आल्यावर रस्सा झणझणीतच हवा असतो, त्याच्या पत्नीला साधे, स्वच्छ आणि वेळेवर मिळणारे जेवण पुरते, आणि शाळकरी मूल नूडल्सशिवाय दुसरे नाव काढत नाही. मोठ्या शहरात अशा कुटुंबाची सोय फूड कोर्टमध्ये होते, म्हणजे जेथे एकाच छताखाली निरनिराळी स्वयंपाकघरे असतात आणि बसण्याची जागा सर्वांना सामाईक असते. लोणारसारख्या तालुक्याच्या गावी तशी सोय नसल्यामुळे सर्वांना रुचेल असे एकच ठिकाण शोधत गावभर फिरले जाते आणि अखेरीस लांबलचक मेनूकार्ड असलेल्या महागड्या ठिकाणी तडजोड होते. ही तडजोड टाळता येण्याजोगी असते, परंतु त्यासाठी गावातील खाण्याच्या जागांचे स्वरूप आणि जेवणाच्या वेळा आधी समजून घ्याव्या लागतात.

लोणारमध्ये भुकेची वेळ बऱ्याच अंशी विवरच ठरवते. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. त्याच्या तळाशी खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर असून हे पाणी पिण्यास निरुपयोगी आहे. हा परिसर 2000 साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2020 मध्ये सरोवराची नोंद रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत झाली, त्यामुळे खाली उतरल्यावर चहाच्या टपरीची अपेक्षा धरता येत नाही, आणि पिशवीतून खाऊ न्यावा तर वानरांचे लक्ष त्या पिशवीकडे असते. सकाळी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत उतरलेले कुटुंब चढ चढून वर येईपर्यंत ऊन तापलेले असते, लहान मूल रडकुंडीला आलेले असते आणि कोणाच्याच अंगात चार ठिकाणी चौकशी करण्याचे त्राण उरलेले नसते. अशा अवस्थेत जी पाटी पहिली दिसेल तीच निवडली जाते. म्हणून दुपारच्या जेवणाचा निर्णय विवरात उतरण्यापूर्वी घेणे हा खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

तालुक्याच्या गावातील खाण्याच्या जागा ढोबळमानाने चार प्रकारच्या असतात. हातगाडीवर आणि नाश्त्याच्या हॉटेलात पोहे, आलूबोंडा, मिरचीभजी, कचोरी, मिसळ असे पदार्थ मिळतात, आणि त्यांची खरी वेळ सकाळची असते, कारण तेव्हा कढई तापलेली असते आणि पोह्यांचे पातेले भराभर रिकामे होत असते. भोजनालय किंवा खानावळ ही मुख्यतः बाजारहाट व सरकारी कामासाठी आलेल्या माणसाला दुपारी पोटभर जेवू घालणारी जागा होय. रस्त्याकडेचा ढाबा संध्याकाळनंतर रंगात येतो आणि शेवभाजी, दालतडका किंवा चिकन-मटण ही त्याची ओळख असते. चौथा प्रकार फॅमिली रेस्टॉरंटचा, जेथे कुटुंबासाठी वेगळी बैठक असते व मेनूकार्ड मोठे असते; मात्र पाटीवर ‘फॅमिली’ असूनही आत परमिट रूम, म्हणजे मद्य पिण्याची परवानगी असलेला भाग, असू शकतो, तेव्हा मुलांना घेऊन बसण्यापूर्वी एक नजर आत टाकलेली बरी. याखेरीज पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान विवराजवळ आहे, आणि गावात काहीच जमले नाही तर सुमारे पंचवीस किलोमीटरवरील मेहकर हे अधिक मोठे गाव हाताशी असते.

मेनूकार्ड जितके मोठे तितकी कुटुंबाची सोय अधिक, हा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. पंजाबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेनूतील डझनावारी भाज्या बहुधा दोन-तीन ग्रेव्हींवर उभ्या असतात, म्हणजे कांदा-टोमॅटोचे लाल वाटण, काजू-मगजाचे पांढरे वाटण आणि क्वचित पालकाचे हिरवे वाटण आधी शिजवून ठेवलेले असते आणि मागणीनुसार त्यात पनीर, मटार किंवा काजू पडतात. यात गैर काही नाही, परंतु ज्या आजीला कांदा वर्ज्य आहे तिच्यासाठी अशा पन्नास भाज्यांमध्ये मिळून एकही भाजी नसते, कारण तयार वाटणातून कांदा वेगळा काढता येत नाही. शिवाय ज्या गावात दिवसाकाठी नूडल्सच्या मोजक्याच प्लेट खपतात तेथे त्यासाठी आणलेली कोबी आणि सॉसची बाटली किती दिवसांची असेल हा प्रश्न उरतोच. याउलट पाच-सहा पदार्थ करणाऱ्या आणि दुपारी गर्दी असणाऱ्या खानावळीत अन्न शिळे राहण्याइतके उरत नाही. लहान गावात लांब मेनूपेक्षा भरलेली बाके अधिक विश्वासार्ह मानावीत.

आणि येथेच वऱ्हाडी जेवणाचा एक गुण उपयोगी पडतो, ज्याकडे पर्यटकांचे सहसा लक्ष जात नाही. ज्वारीची भाकरी, पिठले किंवा झुणका, वरण, भात, एखादी वांग्याची भाजी आणि बाजूला ठेचा, कच्चा कांदा, लिंबू, दही किंवा ताक अशी या जेवणाची मांडणी असते, आणि तिच्यातील तिखटाचा बराचसा भार मूळ पदार्थात नसून ताटाच्या कडेला असतो. पोह्यांवर किंवा मिसळीत घालायची तर्री, म्हणजे वर तेलाचा लाल तवंग असलेला झणझणीत रस्सा, वेगळी मागता येते. त्यामुळे एकाच स्वयंपाकघरातून आलेल्या त्याच पदार्थांतून आजोबा वरण-भात-ताक एवढेच घेतात, कर्ता माणूस भाकरीवर ठेचा आणि कच्चे तेल घेतो, आणि मूल तूप-साखरेशी पोळी खाते. पिठल्यात कांदा-लसूण पडतो, पण ते मागणीनंतर पंधरा मिनिटांत ताजे होत असल्यामुळे कांदा न घालता करून मागणे शक्य असते. तयार ग्रेव्हीच्या बाबतीत नेमके हेच शक्य नसते. स्वस्ताईचे कारणही याच पदार्थांत आहे, कारण ज्वारी, तूर आणि हरभरा ही या भागातील शेतांत येणारी पिके आहेत. शेगावच्या गजानन महाराजांच्या नैवेद्यात झुणका-भाकरीला मान आहे, त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात हे जेवण पाहुण्यापुढे ठेवताना कोणाला कमीपणा वाटत नाही.

स्वस्त जेवणाचे सरकारी प्रयोग महाराष्ट्राने पाहिले आहेत. 1995 साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली, आणि 26 जानेवारी 2020 पासून शिवभोजन योजनेत दहा रुपयांना दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात ठरलेल्या वजनाने देण्यात आले. गरजू माणसाचे पोट भरण्यासाठी अशी ठराविक थाळी योग्यच असते, परंतु पाच जणांच्या पाच आवडी सांभाळणे हा तिचा हेतूच नसतो.

खासगी खानावळीत मात्र थाळी आणि सुटे पदार्थ यांतून निवड करता येते, आणि कुटुंबाचा खर्च या निवडीवर फार अवलंबून असतो. हवे तितके वाढणारी थाळी दोघांत वाटून घेण्यास बहुधा मनाई असते, आणि कमी खाणाऱ्या वृद्धासाठी व मुलासाठीही तिचे पूर्ण पैसे पडतात. हिशेबापुरता थाळीचा दर 160 रुपये धरल्यास पाच थाळ्यांचे 800 रुपये होतात. त्याऐवजी भरपूर जेवणाऱ्या दोघांसाठी दोन थाळ्या 320 रुपयांच्या घेतल्या आणि उरलेल्या तिघांसाठी 90 रुपयांचे पिठले, 80 रुपयांचे वरण, 20 रुपयांप्रमाणे पाच भाकऱ्या व 60 रुपयांचा भात मागवला, तर एकूण बिल 650 रुपये होते, आणि तिघांना जे नको ते ताटात टाकूनही द्यावे लागत नाही. खानावळ हाफ प्लेट देत असेल तर बचत आणखी वाढते. दरपत्रक भिंतीवर नसेल तर दर बसण्यापूर्वी विचारावा, त्यात संकोचण्यासारखे काहीही नाही.

बिलातील करांबाबत थोडे जाणून असावे. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर नोव्हेंबर 2017 पासून पाच टक्के जीएसटी लागू आहे, परंतु ज्या छोट्या व्यावसायिकांनी कंपोझिशन योजना, म्हणजे एकूण उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सवलत, स्वीकारली आहे त्यांना तो कर ग्राहकाच्या बिलात वेगळा लावता येत नाही. सेवाशुल्क देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे, त्याची सक्ती करता येत नाही.

मांसाहार आणि उपवास हे दोन प्रश्न चवीपेक्षा नाजूक आहेत, कारण तेथे आवडीऐवजी श्रद्धा आड येते. शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही जेवण देणाऱ्या ठिकाणी भांडी व तळणाचे तेल वेगळे आहे का, एवढे विचारले तरी बहुतेक शंका मिटते. ज्यांना तेवढेही पुरत नाही त्यांनी दुपारी सर्वांसह शुद्ध शाकाहारी भोजनालय निवडावे आणि मटणाची हौस ज्याला आहे त्याने ती रात्री ढाब्यावर भागवावी. नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला येणाऱ्यांत उपवास करणारे पुष्कळ असतात. त्यांनी साबुदाण्याची खिचडी किंवा भगर कोठे मिळेल याची चौकशी सकाळीच करून ठेवावी.

एकंदरीत लोणारमध्ये सर्वांना आवडेल असे एक हॉटेल शोधण्यापेक्षा दिवसाची जेवणे वाटून घेणे स्वस्त पडते: सकाळी नाश्त्याच्या हॉटेलात पोहे, दुपारी खानावळीत भाकरी, आणि मुलांचे नूडल्स हवेच असतील तर संध्याकाळी हातगाडीवर. विवरात उतरण्यापूर्वी खानावळीत थांबून किती माणसे, किती वाजता आणि कोणाला काय वर्ज्य आहे एवढे सांगून ठेवावे, तेथील फोन नंबर घ्यावा आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या वरच भरून घ्याव्यात.