न दिसणारी आग

२४ मे १९८१. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर ‘इंडी ५००’ ही पाचशे मैलांची मोटारशर्यत रंगात आली होती. रिक मीअर्स इंधन भरून घेण्यासाठी पिटमध्ये थांबला. नळी टाकीच्या तोंडावर नीट बसण्याआधीच तिच्यातून इंधन उसळले, गाडीवर आणि माणसांवर उडाले आणि तापलेल्या इंजिनाला लागून पेटले. माणसे अंग झटकत सैरावैरा पळू लागली. पाहणाऱ्यांना मात्र ना ज्वाला दिसत होती, ना धूर. गाडीतले इंधन मिथेनॉल होते. मीअर्स वाचला, पण भाजलेल्या नाकावर त्याला प्लास्टिक सर्जरी करून घ्यावी लागली.

पेट्रोलची ज्वाला पिवळी दिसते ती तिच्यातले काजळीचे कण तापून उजळतात म्हणून. मिथेनॉलच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो. त्यामुळे ते जळताना काजळी धरत नाही. उरते ती फिकट निळी ज्योत, भर उन्हात कुणाच्या नजरेस न पडणारी.

इतके दगाबाज इंधन शर्यतीत आले ते मात्र सुरक्षिततेसाठीच. ३० मे १९६४ रोजी याच शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत डेव्ह मॅकडॉनल्डची गाडी भिंतीवर आदळून पेटली आणि मागून येणारा एडी सॅक्स तिच्यावर धडकला. दोघेही दगावले. काळ्या धुराचा लोट उठला आणि अपघातामुळे इंडी ५०० थांबवण्याची वेळ पहिल्यांदाच आली. त्या गाड्यांत पेट्रोल होते. एका लिटरमध्ये पेट्रोलची गाडी मिथेनॉलच्या गाडीपेक्षा जवळजवळ दुप्पट पळते, म्हणजे थांबे कमी घ्यावे लागतात. पेट्रोलचा मोह होता तो एवढ्यासाठी.

पुढच्याच वर्षी नियामकांनी नेमके या मोहावर बोट ठेवले. प्रत्येक गाडीला किमान दोन थांबे सक्तीचे झाले. दाबाने इंधन भरणेही बंद झाले. उंचावरच्या टाकीतून ते आपल्या वजनाने उतरेल तेवढेच. थांबे वाचवण्याचा फायदा गेला आणि इंडी मिथेनॉलकडे वळली. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते. मिथेनॉलला त्यासाठी सुमारे अकरा अंश तापमान लागते. त्याच्या आगीची धग कमी असते. शिवाय ते पाण्यात विरघळते, त्यामुळे ही आग पाण्याने विझवता येते. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि जळतच राहते.

साठच्या दशकात टाकीचेही रूप पालटले. पत्र्याच्या जागी भक्कम कापडावर रबर चढवलेली पिशवी आली. आदळल्यावर ती वाकते, चेपते, पण सहसा फाटत नाही. आत भरलेल्या सच्छिद्र फोममुळे इंधन हिंदकळत नाही आणि स्फोटाचा धोकाही घटतो.

१९८१च्या आगीनंतर नळीच्या तोंडाची रचना बदलली. गाडीला घट्ट जोडल्याशिवाय उघडणारच नाही अशी झडप तिला बसवण्यात आली. तरीही सांडलेले थेंब उरतातच, म्हणून इंधन भरून झाले की टाकीच्या तोंडावर पाणी मारण्याची पद्धत रुळली.

न दिसण्याच्या दोषावर उपाय निघायला मात्र आणखी पाव शतक जावे लागले. २००६ मध्ये इंडी ५०० ज्या मालिकेत मोडते त्या इंडीकार मालिकेत मिथेनॉलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्यात आले आणि २००७ पासून इथेनॉलच मुख्य इंधन झाले. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत मळीपासून काढतात तेच हे इथेनॉल. त्याची आगही पाण्याने विझते आणि तिची ज्योत मिथेनॉलपेक्षा ठळक दिसते. २०२३ पासून या मालिकेत पूर्णपणे नवीकरणीय इंधन वापरले जाते आणि त्यातले इथेनॉल उसाच्या टाकाऊ भागापासून बनते. लिटरमागे इथेनॉल आजही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा देते. पण सर्वांच्या टाकीत एकच इंधन असले की कमी पल्ल्याचा तोटा कुणा एकट्याला सोसावा लागत नाही.