कळंबची बावखलं, पापडखिंडीचं पाणी

विरार पूर्वेला फुलपाड्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी पापडखिंड धरण आहे. शहराला त्यातून रोज मिळतं जेमतेम 10 लाख लिटर पाणी. सूर्या प्रकल्पाच्या दोन टप्प्यांतून 20 कोटी, उसगावातून 2 कोटी आणि पेल्हारमधून 1 कोटी लिटर, त्यात आता एमएमआरडीएच्या योजनेत वसई-विरारसाठी धरलेले आणखी साडेअठरा कोटी. एवढ्या आकड्यांपुढे पापडखिंड कुणाच्या हिशेबात येत नाही. माझ्या मते तिचा खरा धोका हाच आहे.

वस्तीला खेटून असलेल्या या उघड्या पाण्यावर दिवाळीनंतर छठपूजेची गर्दी होऊ लागली. निर्माल्य, तेल, साबणाचा फेस काठाला साचू लागला. पिण्याच्या पाण्यात हे चालणार नाही, असं म्हणत स्थानिकांनी आवाज उठवला. मग महापालिकेला धरणावर पूजेला मनाई करावी लागली आणि कृत्रिम तलावांची सोय पुढे आली. या प्रकरणाला भूमिपुत्र विरुद्ध परप्रांतीय असा रंग देणाऱ्यांशी मी सहमत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य देणारी बाई पाण्याला देवच मानते. हे पाणी कुणाच्या तरी हंड्यात जाणार आहे, हे तिला आधी कुणी सांगितलं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे.

निर्माल्याने नेमकं काय बिघडतं? फुलं-पानं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. साबण आणि अन्नातून आलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं. अशा पाण्यात क्लोरीन सोडला, की तो आधी या कुजक्या मालाशीच झुंजण्यात खर्ची पडतो आणि जंतूंसाठी पुरेसा उरत नाही. काही जंतू तर क्लोरीनला मुळीच जुमानत नाहीत. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी शुद्धीकरण केंद्रातून पार झाला आणि सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. आपल्याकडे जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली, तेव्हाही बोटं पाण्याकडेच वळली. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. धरणातलं पाणी जसंच्या तसं नळाला जात नसेल तर ते उघडं असायला हरकत नाही. गाळून, शुद्ध करून झाल्यावर मात्र ते झाकलेलंच हवं. मुंबईच्या मलबार हिल जलाशयावर छप्पर आहे आणि त्या छपरावर फिरोजशहा मेहता उद्यान. वर बाकांवर बसलेल्या कितीजणांना पायाखालचं पाणी ठाऊक असेल?

पण छप्पर आणि क्लोरीन हे नंतरचे उपाय. पाणी राखते ती त्याच्याभोवतीची जमीन. मुंबईतच याचा पुरावा शेजारी-शेजारी आहे. विहार तलाव 1860चा, तुळशी 1879चा. दोन्ही आज राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत आणि त्यांचं पाणी अजून मुंबईकर पितात. पवई तलाव त्यांच्यानंतरचा, 1891चा. त्याचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही, ते इतर कामांकडे वळवलं गेलं. पुढे काठावर वस्ती वाढली, सांडपाणी येऊन मिळालं, जलपर्णी पसरली. पिणारा उरला नाही, त्यामुळे आरडाओरडा करणाराही उरला नाही.

कळंबच्या बाजूला हीच गोष्ट बावखलांच्या रूपाने घडली. नालासोपारा-विरारच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात, कळंब, राजोडी, निर्मळ, वाघोली, भुईगाव या गावांत, पूर्वजांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यांत साचायचं, वाळूतून खाली झिरपायचं, आणि वाडीतल्या केळी-पानवेलीला रहाटाने मिळायचं. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजलाची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याखाली ढोबळ मानाने 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. म्हणजे जास्त उपशाने ही पातळी मीटरभर उतरली, तर खालचं खारं पाणी कितीतरी पटीने वर चढतं. टँकर भरण्यासाठी भूजल उपसलं जात होतं, त्या काळात वसईने हे भोगलं. 1980च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली, तेव्हा हिरवा पट्टा आणि त्याखालचं पाणी हे दोन्ही प्रश्न त्या लढ्यात होते.

पुढे नळ आले आणि रहाट थांबले. बावखलाशी रोजचा संबंध तुटला, तसा त्यात कचरा पडू लागला, मग राडारोडा, मग भराव. अलीकडे स्थानिक तरुणांनी काही बावखलं गाळ उपसून पुन्हा जिवंत केली आहेत. या कामाचं मोल फार मोठं आहे, कारण किनाऱ्यावरच्या गावात तळं बुजवणं म्हणजे गोड्या पाण्याचा भरणाच बंद करणं. शेजारच्या विहिरीला ते काही वर्षांत कळतं.

गावात नळाने येणाऱ्या पाण्याचा पहिला राखणदार असतो ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. त्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, तो थेट टाकीत ओतत नाही. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने ती बादलीत कालवतो, चुन्याचा साका तळाशी बसेपर्यंत थांबतो आणि वरची निवळीच टाकीत सोडतो. अर्ध्या तासाने ओटी चाचणी घेतो. नळीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. नळापाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम तो हवाच. पावडरचं पोतं ओलीत उघडं राहिलं, की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. मग ती टाकूनही पाणी शुद्ध होत नाही. हे काम करणाऱ्याला मिळणारं मानधन आणि त्याच्यावर टाकलेली जबाबदारी यांत फार मोठी तफावत आहे, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आरोग्य विभाग गावातल्या पाणीस्रोतांची पाहणी करतो. स्रोताभोवती घाण, गळती, उकिरडा किती यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी. पापडखिंडीसारखं शहराच्या हद्दीतलं धरण या कार्डांच्या कक्षेत येत नाही. तिथेही असंच काठावर फिरून केलेलं सर्वेक्षण व्हावं, त्याचा निकाल फुलपाड्याच्या नाक्यावर मराठीत आणि हिंदीत लावला जावा, आणि कृत्रिम तलाव छठपूजेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर महिनाभर आधी खणून तयार असावेत. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येतं.