गोवर्धनाखालची काठी

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री कृष्णजन्म होतो, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाल्याची सकाळ उजाडते ती गोविंदाच्या गजरातच. वरळीच्या बीडीडी चाळींत आणि जांबोरी मैदानाच्या परिसरात या दिवसाची वाट आबालवृद्ध पाहत असतात. थरावर थर चढतात, आणि साऱ्यांचे डोळे लागतात ते सर्वांत वरच्या बालगोविंदाकडे. तळाशी खांद्याला खांदा भिडवून उभ्या राहिलेल्या गड्यांना मात्र हंडी दिसतही नाही. त्यांच्या दृष्टीसमोर असते केवळ समोरच्याची पाठ. आजच्या मंगल दिवशी या तळाच्या माणसाविषयी चार शब्द लिहावेत, असे मनात आहे.

चाळीतल्या मुलांच्या सदऱ्यांवर आज सुपरमॅन आणि स्पायडरमॅन विराजमान झालेले दिसतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर असेच प्रेम केले होते. त्यात वावगे काही नाही. दुर्बळाच्या हाकेला कोणीतरी समर्थ धावून यावा, ही मनुष्यमात्राची सनातन आस आहे. १९३८ साली अमेरिकेत सुपरमॅन प्रथम छापला गेला, तेव्हा पहिल्याच कथेत त्याने एका निरपराध स्त्रीचा देहदंड टाळला आणि बायकोला मारहाण करणाऱ्या एका नवऱ्याला आवरले. आपल्याकडे हीच आस अवतारकल्पनेत अधिक गंभीर आणि अधिक पवित्र रूप घेऊन प्रकटली आहे. परंतु या श्रद्धेच्या सावलीत एक आळसही हळूच येऊन बसतो. कोणीतरी येईल आणि सारे निस्तरील, तोवर आपण हात जोडून उभे राहावे, असे वाटू लागते.

स्वतः भगवान श्रीकृष्णांना हा आळस मान्य नव्हता, याची साक्ष गोवर्धनाची कथा देते. या कथेचा आरंभ पराक्रमाने होत नाही, एका प्रश्नाने होतो. व्रजात इंद्रयागाची सिद्धता चालली असताना सात वर्षांचा बाळकृष्ण नंदबाबांना विचारतो, हा यज्ञ कशासाठी, कोणासाठी? वडील मंडळींनी परंपरेचे उत्तर दिले. बालकाला ते पटले नाही. ज्या पर्वताच्या गवतावर आमच्या गाई जगतात, त्याचे पूजन का करू नये, असे त्याने निर्भयपणे सांगितले. पुढे इंद्राचा कोप झाला, प्रलयमेघ कोसळले आणि भगवंतांनी सात दिवस पर्वत उचलून धरला, हे घरोघरी ठाऊक आहे.

आपल्या लोकपरंपरेने या कथेत एक सुंदर भर घातली आहे. देवाने करंगळीवर पर्वत तोलला, तेव्हा भोवतालच्या गोपाळांनी आपापल्या काठ्या त्याला टेकवल्या. थोड्या वेळाने त्यांना वाटू लागले की पर्वत आपल्याच काठ्यांवर उभा आहे. देवाने करंगळी किंचित खाली घेताच काठ्या कडाडल्या आणि गोपाळांचा गर्व उतरला. कीर्तनकार ही गोष्ट अहंकार नको, हे सांगण्यासाठी रंगवतात, आणि ते योग्यच आहे. पण तिला दुसरी बाजूही आहे. गर्व उतरल्यावर देवाने गोपाळांना काठ्या बाजूला ठेवायला सांगितले, असे कोणीही सांगत नाही. माझ्याच काठीने पर्वत उभा आहे, हा अहंकार. आणि देव आहे, मग माझी काठी कशाला, हा आळस. या दोहोंच्या मधून जी अरुंद पायवाट जाते, तीच सामान्य माणसाच्या धर्माची वाट होय.

ही झाली पुराणातली गोष्ट, पण वरळीच्या दहा बाय सोळाच्या खोलीत राहणाऱ्याने करायचे तरी काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वरळीतच आहे.

बीडीडी या तीन अक्षरांतच एक इतिहास दडलेला आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे सरकारी खाते स्थापन झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी या खात्याने उभ्या केल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. एका चाळीत ऐंशी खोल्या, आणि प्रत्येक खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. याच खात्याकडे बॅकबे येथे समुद्र हटवून जमीन करण्याची प्रचंड योजना होती. त्या योजनेत लोकांचा पैसा पाण्यात जात आहे, असा जाहीर आरोप खुर्शीद फ्रामजी नरिमन या पारशी वकिलाने केला. खात्यातील हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. सत्ता परक्यांची, प्रतिवादी एकटा. पण नरिमन डगमगले नाहीत आणि १९२८ साली निर्दोष सुटले. मुंबईकरांनी त्यांना 'वीर' ही पदवी दिली. चर्चगेटच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्या हाती ना गदा होती, ना चक्र. नंदबाबांसमोर बाळकृष्णाने केले तेच त्यांनी केले : प्रश्न विचारला आणि प्रश्नावर ठाम राहिले. आज असा प्रश्न विचारण्यासाठी वकील असण्याचीही गरज उरलेली नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कात कोणाही नागरिकाला तो हक्क दिला आहे, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक केले आहे.

प्रश्नानंतर काठी. वरळीच्या पोलीस कॅम्पात राहणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीला उभे होते. हाती केवळ लाठी. समोर कसाबची स्वयंचलित बंदूक. त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारेकऱ्याला जिवंत पकडले. २००९ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण करण्यात आले. त्यांच्या हौतात्म्याचे फळ सूड नव्हते, न्याय होता. मारेकरी जिवंत हाती लागला म्हणूनच खटला उभा राहिला. त्या खटल्यात शेकडो साक्षीदार आले. त्यांत पायात गोळी लागलेली देविका रोटवान ही लहान मुलगीही होती. कुबड्यांच्या आधाराने न्यायालयात येऊन तिने कसाबला ओळखले. ओंबळे यांची लाठी आणि त्या बालिकेचे बोट, दोन्ही गोवर्धनाखालीच टेकलेली होती.

प्रत्येकाच्या वाट्याला असा प्रसंग येत नाही, येऊही नये. पण भिंतीपलीकडून येणारा आवाज प्रत्येकाच्या वाट्याला येतो. चाळीत रात्री एखाद्या खोलीतून बाईच्या किंकाळ्या ऐकू येतात. साऱ्या मजल्याला त्या ऐकू जातात. कोणी रेडिओ मोठा करतो, कोणी दाराची कडी लावतो; आणि 'त्यांच्या घरातला प्रश्न' असे म्हणून सारे निजतात. सकाळी तीच मंडळी कृष्णाने द्रौपदीची लाज कशी राखली, हे तन्मयतेने ऐकतात! कौरवसभेत सारेच दुष्ट नव्हते. पुष्कळसे फक्त गप्प होते, आणि त्या गप्प बसण्यानेच सभा कलंकित झाली. आजच्या कायद्याने शेजाऱ्याला अडवलेले नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते, आणि सद्‌भावनेने खबर देणाऱ्यावर त्याबद्दल कोणतेही दायित्व येत नाही. ११२ हा क्रमांक फिरवायला बाहुबळ लागत नाही. आणि त्याही आधी, दोघाचौघांनी मिळून त्या दारावर थाप मारायला तर काहीच लागत नाही.

बीडीडी चाळींनी एक कटू काळही पाहिला आहे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरची सभा उधळली गेली, आणि त्यानंतर कित्येक आठवडे या चाळी दंगलीत होरपळल्या. जातीच्या नावाने शेजाऱ्याने शेजाऱ्यावर दगड उचलला. हे आठवणे सुखाचे नाही. पण गोपाळकाल्याच्या दिवशी ते विसरणे अधिक वाईट. आपापल्या घरची शिदोरी एकत्र कालवून सर्वांनी एका पंगतीत खावी, हाच तर काल्याचा अर्थ आहे. ज्याच्या हातचा काला आपण घेत नाही, त्याच्यासाठी आपण काठी कशी टेकवणार?

आता चाळी जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी, गोपाळकाल्याच्या दोनच दिवस आधी, वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या दाटीवाटीतून कष्टकऱ्यांची सुटका व्हावी, याहून आनंदाची गोष्ट कोणती? मात्र नव्या इमारतीत चाळीचा सामाईक व्हरांडा नाही. दार बंद झाले की आतला आवाज आतच राहतो. चाळीत शेजारधर्म आपोआप घडत होता. यापुढे तो प्रयत्नपूर्वक पाळावा लागेल.

म्हणून भाविक वाचकांना एकच विनंती आहे. यंदा काल्याचा प्रसाद देवापुढे ठेवून झाला की वाटी घेऊन आपल्या मजल्यावरच्या प्रत्येक दारी जावे. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्या दारी तर आधी जावे. सणाच्या दिवशी प्रसादासाठी जे दार आपण वाजवलेले असते, ते संकटाच्या रात्री वाजवायला हात कचरत नाही. पर्वत उचलणारा समर्थ आहे. आपण आपली काठी तेवढी हाती घेऊन उभे असावे.