आधी पाणी, मग पक्षी

भिगवणला पक्षी रंगवायला जायचं तर जानेवारी उजाडू द्यावा. पावसाळा संपताना उजनी धरण भरलेलं असतं आणि इथे नुसतं खोल पाणी दिसतं. पुढे कालव्यांना पाणी सुटतं, फुगवटा मागे सरतो, काठाची गाळपेर जमीन आणि उथळ पाण्याचे पट्टे उघडे पडू लागतात. रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, हेच हवं असतं: पाय टेकतील इतकंच पाणी आणि खाली चिखल. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, तिथून कुंभारगावचा काठ, मग होडी. उजाडताना पाण्यात असलेलं बरं, कारण उन्हं चढली की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि टेलिस्कोपमधून पाहताना पक्ष्याची कडच विरघळून जाते. जे दिसत नाही ते काढायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम. त्यामुळे कामाला मिळतात ते सकाळचे दोन-तीन तास.

सामान थोडं लागतं. पाण्याने फुगणार नाही असा ३०० जीएसएमचा कागद, बॉलपेन, खिशात मावणारी रंगपेटी, दोन ब्रश. खोडरबर मी नेत नाही. रेष चुकली तर ती खोडण्यात जो वेळ जातो तेवढ्यात पक्षी तीनदा वळलेला असतो. चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी ओढावी आणि पुढे जावं.

कोरा कागद समोर घेऊन एकच पक्षी पूर्ण काढायला बसलं, की काम फसतं. म्हणून एका पानावर पाच-सहा चित्रं एकदम सुरू करायची. रोहितने मान पाण्यात घातली की एक आकार, मान उचलून मागे वळवली की दुसरा, पिसं साफ करू लागला की तिसरा. प्रत्येक अर्धवट. पक्षी पहिल्या अवस्थेत परत आला की पहिल्या आकारावर परत जायचं आणि राहिलेली रेष जोडायची. हे जमतं, कारण पक्ष्यांच्या हालचाली मोजक्या असतात आणि ते त्या पुन्हापुन्हा करतात. तोच पक्षी हवा असंही नाही. शेजारचा तीच हालचाल करत असतो. डोळा टेलिस्कोपला लावलेला आणि हात कागदावर चाललेला, ही सवय लागायला मात्र वेळ जातो.

आकारात दगा देतात ते पाय. रोहितच्या पायाचा मधला सांधा मागे वाकतो, म्हणून गुडघा उलटा वाटतो. तो गुडघा नसून घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. एवढं कळलं की पाय शरीराला नेमका कुठे जोडायचा ते कळतं. दुसरी गोष्ट तोलाची. पक्षी एका पायावर उभा राहतो तेव्हा त्याचं पाऊल शरीराच्या मध्याखाली येतं. ते चार मिलिमीटर बाजूला पडलं, तरी कागदावरचा पक्षी कलंडतो.

खरी परीक्षा रंगाची. पक्षी ओळखायची पुस्तकं पाहून आपली नजर घडलेली असते. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचं १९९८ साली आलेलं भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक घ्या. गोव्याचे कार्ल डिसिल्वा हे त्याच्या चित्रकारांपैकी एक. अशा पुस्तकातला पक्षी बाजूने दाखवतात, सगळीकडे सारखा उजेड असतो आणि सावली जवळजवळ नसतेच. दोन सारखे दिसणारे पक्षी ताडून पाहायचे तर असंच चित्र हवं. पण त्यासाठी चित्रकाराला ऊन, वेळ आणि जागा काढून टाकावी लागते. पाण्यावर बसून रंगवणाऱ्याच्या हाती नेमकं तेवढंच उरतं.

समोरून सूर्य असेल तर गुलाबी म्हणून माहीत असलेला रोहित निळसर राखाडी दिसतो आणि पाठीवर फक्त उजेडाची एक बारीक कड असते. चित्रबलाकाची मागची गुलाबी पिसं त्या उजेडात मळकट जांभळी होतात. हात मात्र सवयीने गुलाबी रंगाकडे जातो. पांढऱ्या बगळ्याची तीच गत. त्याच्या पाठीवर आकाशाचा निळा असतो आणि पोटाखाली उन्हात तापलेल्या चिखलाचा पिवळा. कोबाल्ट ब्लूमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळून ती सावली लावायची आणि उजळ भागात कागद कोराच सोडायचा. जलरंगात बगळ्याचा पांढरा म्हणजे हाच कागद.

म्हणून मी आधी पाणी रंगवते. पक्ष्याची जागा सोडून भोवतीने पाण्याचा वॉश द्यायचा. तो सुकेपर्यंत पक्ष्याचा आकार आपोआप उमटलेला असतो आणि त्यात भरायचं फार कमी राहतं. प्रतिबिंबही नीट पाहावं लागतं. ते पक्ष्याची उलटी नक्कल नसतं. पाणी पक्ष्याला खालून पाहतं, त्यामुळे त्यात पोट जास्त दिसतं, पाठ कमी.

अंतर किती ठेवायचं ते पक्षी सांगतात. कुंभारगावचे नावाडी मुळात मासेमारी करणारे, त्यांना ही खूण आपल्याआधी कळते. "ताई, आता पुढं नको, माना वर झाल्या," असं म्हणून ते बांबू रोवून होडी थांबवतात. चरणाऱ्या थव्याने एकदम माना उचलल्या, की त्यांचं चरणं थांबलं आणि आपलं चित्रही. घाबरलेल्या पक्ष्याची मान ताठ, पिसं अंगाला चिकटलेली. ते चित्र आपल्या येण्याचं असतं, त्याच्या रोजच्या वागण्याचं नसतं.

जिवंत पक्षी असा रानात बसून रंगवणं तसं अलीकडचं. जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर किंवा १७७७ नंतर कलकत्त्यात लेडी इम्पी यांच्या खाजगी प्राणिसंग्रहासाठी काम करणारा शेख झैनुद्दीन, यांची नजर विलक्षण होती. पण झैनुद्दीनसमोरचे बरेच पक्षी पाळलेले होते. अमेरिकन पक्षीचित्रकार ऑड्युबॉन पक्षी मारून, तारांनी हव्या त्या अवस्थेत बसवून रंगवत असे. त्याला पक्षी खऱ्या मापात हवा होता, आणि फ्लेमिंगो पानात मावावा म्हणून त्याची मान खाली वळवावी लागली. रानातला जिवंत पक्षी दुरून, निवांत न्याहाळणं शक्य केलं ते चांगल्या दुर्बिणींनी.

घरी आल्यावर पानाच्या कडेला वेळ, वारा, उजेडाची दिशा आणि पाण्याची खोली लिहून ठेवते. पक्ष्याचे पाय पाण्यात होते तर चित्रातही ते पाण्याशीच संपतात. फोटो पाहून बोटं जोडली की पुस्तकातला पक्षी हळूच परत येतो.

सुरुवात करायला भिगवणच हवं असं नाही. गावच्या तलावावर राखी बगळा असतोच आणि तो बराच वेळ हलत नाही. मग शेतातला गायबगळा, मग लांब लाल पायांचा शेकाट्या. तुतारी शेवटी घ्यावी. ती चिखलावर जराही थांबत नाही, सारखी शेपूट वरखाली करत पळत असते. तिची ती लकब चार रेषांत उतरली, की मग खुशाल रोहितांकडे जावं.