मृत्युपत्रांतील पैसा : आधीं कोणाला ?

मृत्युपत्र लिहून ठेवलें म्हणजे पुढील सर्व व्यवस्था आपोआप लागते, अशी समजूत सुशिक्षित घरांतहि आढळते. वस्तुतः मृत्युपत्र हा नुसता हुकूम होय. तो बजावणारा मनुष्य निराळा लागतो. त्याला कोर्टाच्या भाषेंत एक्झिक्युटर म्हणतात. बहुधा तो मृताचा जुना स्नेही, मेहुणा किंवा गांवांतील एखादा विश्वासू गृहस्थ असतो. त्याला या कामाचा मोबदला क्वचितच मिळतो. चूक झाली तर मात्र पदरचे पैसे भरण्याची पाळी येते. आणि ही चूक लबाडीपेक्षां भिडेपायींच अधिक वेळां होते.

बुलढाणा जिल्ह्यांत, मोताळा तालुक्यांत, धामणगांव बढे म्हणून गांव आहे. तेथील एका विधुर शेतकऱ्याचें उदाहरण कल्पावें. शेत त्याच्या स्वकष्टाचें. तें मृत्युपत्रानें मुलाला दिलें. पुतण्याला ३ लक्ष रुपये, विधवा बहिणीला २ लक्ष आणि वीस वर्षें घरीं राबलेल्या सालदाराला १ लक्ष द्यावे, उरेल तें मुलाचें, असें लिहिलें. आणि एक्झिक्युटर म्हणून बालमित्राला नेमलें. गृहस्थ वारला तेव्हां बँकेंत ६ लक्ष रुपये होते. सहा लक्ष शिल्लक आणि सहा लक्षांच्याच देणग्या. हिशेब वरकरणीं चोख बसला. तेराव्याला पुतण्या म्हणतो, "आप्पा, मुलीचें लग्न ठरलें आहे. काकांनीं लिहिलेंच आहे, तर माझे तीन लाख आजच द्या." मित्राच्या पुतण्याला नाहीं कसें म्हणावें ?

पण नाहींच म्हणावयास पाहिजे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानें पैसे देण्याचा क्रम घालून दिला आहे. प्रथम अंत्यविधीचा वाजवी खर्च व अखेरच्या दुखण्याचा औषधोपचार. त्यानंतर कोर्टाचें अधिकारपत्र मिळविण्याचा खर्च. मग मजूर, कारागीर व घरगडी यांची मृत्यूपूर्वींच्या तीन महिन्यांतील मजुरी. मग बाकीचीं कर्जें. हें सर्व भागल्यावरच देणग्यांची पाळी येते.

आतां त्या घरचें देणें पाहावें. दवाखाना व अंत्यविधि ६० हजार, सालदाराची थकलेली मजुरी ३० हजार, बियाणें-खतांच्या दुकानाची उधारी व हातउसने मिळून १ लक्ष ५० हजार. एकूण २ लक्ष ४० हजार. म्हणजे देणग्यांसाठीं उरले ३ लक्ष ६० हजार. पैसा अपुरा पडल्यास अशा रोख देणग्या सारख्या प्रमाणांत कमी कराव्यात, एकाला झुकतें माप देऊं नये, असा नियम आहे. त्याप्रमाणें प्रत्येकाला रुपयामागें ६० पैसे मिळतील : पुतण्याला १ लक्ष ८० हजार, बहिणीला १ लक्ष २० हजार, सालदाराला ६० हजार. सालदाराची मजुरी या देणगींत धरावयाची नाहीं. मृत्युपत्रांत तसें लिहिलें नसेल तर ऋण निराळें आणि देणगी निराळी. शेत नांव घेऊन दिलेलें असल्यानें, कर्ज फिटण्यापुरता इतर पैसा आहे तोंवर त्याला धक्का लागत नाहीं. तें गहाण असतें, तर मात्र मुलाला गहाणाच्या ओझ्यासकट घ्यावें लागलें असतें.

आप्पांनीं तेराव्यालाच ३ लक्ष देऊन टाकले, तर कर्जें फेडून हातांत ६० हजार राहतात आणि बहीण व सालदार यांचें मिळून १ लक्ष ८० हजार देणें उभें असतें. तूट १ लक्ष २० हजारांची. कायदा येथें फार कठोर आहे. एक्झिक्युटरानें स्वखुषीनें दिलेली देणगी त्याला परत मागतां येत नाहीं. आणि वंचित राहिलेल्यांनीं प्रथम त्याच्याकडेच मागावयाचें. आप्पा भरूं शकले नाहींत, तर पुतण्याच्या मागें लागण्याचें काम त्या विधवेच्या व सालदाराच्या कपाळीं येणार.

यासाठींच कायद्यानें एक्झिक्युटराला अवधि दिला आहे. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत देणगी देण्यास तो बांधलेला नाहीं. मृत्युपत्रांत मुदत लिहिलेली नसल्यास, वर्षानंतर राहिलेल्या रकमेवर साधारणतः दरसाल दरशेंकडा ४ प्रमाणें व्याज चालू होतें. या वर्षांत येणें वसूल करावें, आणि धनकोंनीं अमुक मुदतींत आपलें मागणें कळवावें अशी जाहीर नोटीस रीतसर द्यावी. मुदत संपल्यावर, माहीत असलेलें देणें भागवून वांटणी केली, तर मागाहून उगवलेला सावकार एक्झिक्युटराला धरूं शकत नाहीं. त्यानें देणगी घेणाऱ्यांकडे जावें. पैसा निःसंशय पुरेसा असेल तर वर्ष संपण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर व एक्झिक्युटराच्या अधिकारावर न्यायालयाची मोहोर. वऱ्हाडांत केलेल्या, वऱ्हाडांतीलच मिळकतीच्या हिंदु मृत्युपत्राला तें सक्तीचें कधींच नव्हतें. मुंबई शहरांत होतें. ती सक्तीहि २०२५ सालीं संसदेनें उठविली. तरीहि तंटा असेल किंवा बँक अडून बसली, तर बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयांतून तें घेणें शहाणपणाचें.

बँकेंत नॉमिनी म्हणून ज्याचें नांव आहे तोच मालक, हा भ्रम तर फारच पसरलेला आहे. कालनिर्णयकार जयंतराव साळगांवकर २०१३ सालीं वारले. त्यांच्या मृत्युपत्रावरून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि शेअर व म्युच्युअल फंड यांच्या बाबतींत नॉमिनी केवळ नामनिर्देशानें मालक होत नाहीं, असा निर्णय डिसेंबर २०२३ मध्यें झाला.

शब्दांचा अर्थच संशयास्पद असला तर एक्झिक्युटरानें स्वतः न्यायाधीश होऊं नये. विठ्ठलभाई पटेल १९३३ सालीं जिनीव्हाजवळ निवर्तले. उरलेली मिळकत सुभाषचंद्र बोस यांच्या स्वाधीन करून ती देशाच्या राजकीय उन्नतीसाठीं खर्च व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढें गेला, आणि १९३९ सालीं हेतु फार मोघम म्हणून ती देणगी रद्द ठरली. निकाल कोणाला रुचो न रुचो, पैसा आधींच देऊन टाकला असता तर काय अनर्थ झाला असता, तें उघड आहे.

देणगी अज्ञान मुलाला असून कोणाच्या हातीं द्यावी हें लिहिलेलें नसेल, तर ती घरांतील वडीलधाऱ्याच्या हातीं सोंपवूं नये. जिल्हा न्यायाधीशाच्या कोर्टांत त्या मुलाच्या नांवें भरावी.

प्रत्यक्ष पैसे देतांना मृताच्या मिळकतीचें खातें स्वतःच्या खात्यापासून निराळें ठेवावें आणि रक्कम बँकेमार्फतच द्यावी. २ लक्ष किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें घेण्यास आयकर कायद्यानें मनाई आहे. मृत्युपत्रानें मिळालेली रक्कम घेणाऱ्याचें करपात्र उत्पन्न ठरत नाहीं. मृत्यूनंतरच्या मिळकतीवर १९५३ पासून बसलेला कर १९८५ सालीं उठला. मात्र वांटणी होईपर्यंत त्या पैशावर जें व्याज येईल, त्याचें विवरणपत्र एक्झिक्युटरानेंच भरावयाचें. पावती प्रत्येकाकडून घ्यावी. ५ हजारांवरील पावतीला १ रुपयाचें रेव्हिन्यू तिकीट लागतें. पावतींत रक्कम कोणत्या मृत्युपत्रान्वयें मिळाली, ती पूर्ण कीं प्रमाणांत कमी केलेली, आणि कमी असल्यास कोणत्या हिशेबानें, हें लिहावें. त्या हिशेबाची एक नक्कल बहिणीला द्यावी, आणि सालदाराला तो वाचून दाखवावा.